घळ वर का सरकते? जमीन चिरणाऱ्या पाण्याचा अभ्यास

पाणी उताराकडे धावतं, पण त्या पाण्यानं पाडलेली घळ उलट चढाकडे वाढत जाते. ओढ्याच्या काठाला पडलेली एखादी चीर काही पावसाळ्यांत वरच्या वावरात शिरते, बांध तोडते, पाणंद कापते आणि पुढे विहिरीशी किंवा घराच्या अंगणाशी येऊन ठेपते. या लेखातली बाकी माहिती विसरली गेली तरी चालेल, पण घळीची ही दिशा लक्षात राहावी. तिला आवर घालण्याचे कितीतरी प्रयत्न ही दिशा न ओळखल्यामुळे फसतात. माणसं घळीच्या पोटात दगड-माती टाकत राहतात आणि ती डोक्याकडून वाढत राहते.

मातीची धूप अनेक पायऱ्यांनी होते. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब आपटला की मातीचे कण उडतात, ती पहिली पायरी. मग शेतभर पसरलेलं पाणी वरचा पातळ थर घेऊन जातं. ही सालकाढी धूप डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. काही वर्षांनी शेतात चुनखडीचे खडे किंवा मुरूम वर आलेला दिसला की मगच कळतं. त्यानंतर येतात बोटभर, वीतभर खोलीच्या ओघळी. वखराची एक पाळी दिली की त्या बुजतात, म्हणून त्यांचं कुणाला फारसं काही वाटत नाही.

जी चीर नेहमीच्या मशागतीनं बुजत नाही, ती घळ. अभ्यासकांनी सोयीसाठी एक मापही ठरवलं आहे: आडवा छेद घेतला आणि त्याचं क्षेत्रफळ सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक चौरस फूट, यापेक्षा जास्त भरलं तर ती घळ धरायची. खोली मात्र अर्ध्या मीटरपासून पंचवीस-तीस मीटरपर्यंत कितीही असू शकते. आपल्याकडच्या वर्गवारीत साधारण ३ ते ९ मीटर खोलीची घळ मध्यम आणि ९ मीटरच्या पुढची खोल मानतात.

ओघळ आणि घळ यांच्या मधली एक जात आहे, तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. शेतातल्या लवणातून दर पावसाळ्यात एक चर पडतो, दिवाळीनंतर ट्रॅक्टरनं तो बुजवला जातो आणि पुढच्या पावसात नेमका त्याच जागी पुन्हा उमटतो. तिला हंगामी घळ म्हणता येईल. ती बुजवताना दोन्ही बाजूंची चांगली माती ओढून मधे टाकली जाते. पुढचा पाऊस ती घेऊन जातो. असं दरवर्षी चालू राहिलं की चराच्या दोन्ही अंगांचा रुंद पट्टा हळूहळू उथळ होत जातो. नुकसान चरापुरतं दिसतं, पण होतं त्याच्या कितीतरी पट रुंदीवर.

आता मूळ प्रश्नाकडे. वाहतं पाणी तळाच्या मातीला जी ओढ लावतं, ती साधारणपणे पाण्याची खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर ठरते. शेतभर पसरलेलं पाणी २ मिलिमीटर खोल आहे असं समजा. तेच पाणी गोळा होऊन चरात आलं आणि तिथं २० सेंटिमीटर खोल झालं, तर उतार तोच राहूनही ओढ शंभरपट होते. प्रत्येक मातीची ही ओढ सोसण्याची एक मर्यादा असते. पसरलेलं पाणी ती क्वचितच ओलांडतं, गोळा झालेलं पाणी सहज ओलांडतं. म्हणून घळीचा विचार करताना पाऊस किती पडला याच्या बरोबरीनं पाणी कुठं गोळा झालं हे विचारावं लागतं.

मर्यादा ओलांडली की तळ खरवडला जातो आणि कुठंतरी एक छोटी उभी पायरी तयार होते. हाच घळीचा माथा. वरून आलेलं पाणी या पायरीवरून खाली कोसळतं आणि पायथ्याशी डोह पाडतं. डोहातलं घुसळणारं पाणी पायरीचा पाया आतून पोखरतं. वरचा भाग छज्जासारखा लटकत राहतो, त्याच्या मागं जमिनीत बारीक भेगा पडतात आणि एके दिवशी तो तुकडा खाली येतो. पुढचा लोंढा तो ढिगारा वाहून नेतो, पाया पुन्हा उघडा पडतो आणि पोखरणं पुन्हा सुरू होतं. प्रत्येक कोसळण्यात माथा थोडा मागे, म्हणजे चढाच्या दिशेनं सरकतो. घळ वर जाते ती अशी.

बाजूच्या भिंतींची गोष्ट जरा वेगळी. त्या बहुधा लोंढा ओसरल्यावर पडतात. पाणी भरलेलं असताना ते भिंतीला आतून टेकू देतं. पाणी झटकन उतरतं तेव्हा भिंतीतली माती मात्र चिंब भिजलेली, जड आणि सैल झालेली असते. टेकू गेला की ती खचते. म्हणून पाऊस थांबला, ऊन पडलं, म्हणून लगेच घळीच्या काठावर जाऊन उभं राहू नये. गुरं राखणाऱ्या पोरांना हे जरूर सांगावं.

घळीच्या वाढीला एक नैसर्गिक लगामही आहे. माथा जसजसा वर सरकतो, तसतसं त्याच्या वरचं पाणलोट क्षेत्र घटतं, माथ्यावर येणारं पाणी कमी होतं आणि वेग मंदावतो. कोवळी घळ झपाट्यानं वाढते, जुनी रेंगाळते. याचा सरळ अर्थ असा की सुरुवातीची वर्षं हातची घालवू नयेत. पण हा लगाम आपणच तोडतो. रस्त्याच्या मोरीतून दोन-तीन शिवारांचं पाणी एकाच तोंडानं खालच्या शेतात सोडलं जातं. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खोल झालेली पाणंद पावसात ओढा बनते. शेततळ्याचा सांडवा कुठं उघडावा याचा विचार खोदून झाल्यावर होतो. या प्रत्येक ठिकाणी पसरलेलं पाणी माणसानं गोळा करून दिलेलं असतं. शहरंही यातून सुटत नाहीत. काँगोच्या किन्शासा शहरात वाळूच्या उतारांवर वस्ती झाली, छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी उतारावर सुटलं आणि घळींनी घरंच्या घरं गिळली.

उतार आणि पाणलोट क्षेत्र यांचं नातं १९७५ साली पॅटन आणि शुम या अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञांनी फार सोप्या रीतीनं दाखवलं. कोलोरॅडोच्या वायव्य भागातल्या दऱ्यांचा उतार आणि वरचं पाणलोट क्षेत्र त्यांनी एका आलेखावर मांडलं. घळ पडलेल्या दऱ्या आणि न पडलेल्या दऱ्या यांच्या मधून एक तिरकी रेघ ओढता आली. पाणलोट मोठं असेल तर थोडा उतारही घळ पडायला पुरतो. पाणलोट लहान असेल तर उतार तीव्र लागतो. पुढे जगभर अशा रेघा काढल्या गेल्या. त्यांत सगळ्यांत महत्त्वाचं हे दिसलं की रेघ एका जागी ठरलेली नसते. दाट गवत किंवा जंगल असेल तर ती वर असते, नांगरलेल्या उघड्या जमिनीसाठी ती खाली येते. शंभर वर्षं जो उतार शांत राहिला, तोच कुरण मोडून नांगरल्यावर दोन-तीन पावसांत फाटू शकतो. उतार तोच, पाऊस तोच, रेघ खाली आली.

मातीचा भाग अजून राहिला. दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी हात-दोन हात मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण लागतो. तिथली घळ खडकाशी पोचली की खाली जाणं थांबते आणि रुंद होत राहते. नदीकाठचा गाळ मात्र वेगळा. प्रवरा, गोदावरी, भीमा, तापी, पूर्णा या नद्यांच्या काठांवर हजारो वर्षांपूर्वी साचलेल्या गाळाचे जाड थर आहेत. नदी त्या थरांत खोल उतरली, की काठाच्या प्रत्येक ओघळीला उतरायला खोली मिळते. संगमनेर परिसरात प्रवरेच्या काठी अशा चिरफाळलेल्या जमिनी आहेत: चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या पिवळसर मातीच्या सुळक्यांची आणि सांदींची एक दुनियाच. पुणे विद्यापीठातल्या वीणा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा बारकाईनं अभ्यास केला आहे. तिथून सुटलेली माती कुठं जाते हे नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. प्रवरा टोक्याजवळ प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते आणि तिथून पुढं जायकवाडीचं नाथसागर आहे. मराठवाड्याची तहान ज्या धरणावर अवलंबून आहे, त्या धरणाच्या तळाचा गाळ नगर-नाशिकच्या उतारांवरून येतो. घळीचा प्रश्न एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापुरता राहत नाही, तो असा.

विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आणखी एक गोष्ट शिकवतो. ज्या मातीत सोडियम जास्त असतं, तिचे चिकणमातीचे कण पाण्यात एकमेकांना धरून राहत नाहीत, दुधासारखे विरघळल्यागत पसरतात. अशा मातीत भेगेतून, उंदराच्या बिळातून, कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून पाणी आत शिरलं की ते जमिनीखाली नळी कोरत जातं. वरून शेत धड दिसतं आणि खाली भुयार तयार असतं. छप्पर बसलं की घळ एका दिवसात उघडी पडते. ही भुयारी धूप मला सगळ्यांत फसवी वाटते, कारण तिची पूर्वसूचना असते ती फक्त काठाच्या भिंतीतून गढूळ पाणी ठिबकणाऱ्या एखाद्या भोकाची.

भारतात घळींनी चिरलेल्या जमिनीचा अंदाज साधारण ३६ ते ४० लाख हेक्टर असा दिला जातो. त्यात सर्वांत मोठा वाटा चंबळ आणि यमुनेच्या काठच्या बीहडांचा. गुजरातेत महीच्या काठीही मोठा पट्टा आहे. मोरेना, भिंड, धोलपूर, इटावा या जिल्ह्यांची नावं आपण दरोडेखोरांच्या गोष्टींतून ऐकलेली असतात. तिथल्या शेतकऱ्याचं दुखणं मात्र असं की बीहड दर पिढीत गावाच्या थोडं जवळ येतं. वस्त्याच्या वस्त्या मागे हटवाव्या लागल्या आहेत. बीहड का पडले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते हिमयुगानंतर पावसाळा जोरकस झाला, भूभाग हळूहळू उचलला गेला आणि नद्यांनी आपलं पात्र खोल नेलं. काही जण जंगलतोड आणि चराईकडे बोट दाखवतात. मला दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. किती खोल चिरायचं हे नदीच्या तळानं ठरवलं. किती वेगानं आणि कुणाच्या शेतात, हे बहुतांशी माणसाच्या जमीनवापरानं.

आता हे सगळं मोजतात कसं ते पाहू. खरं काम इथंच आहे.

सगळ्यांत जुनी आणि आजही उपयोगी पद्धत खुंटीची. माथ्यापासून ठरावीक अंतरावर पक्क्या खुंट्या ठोकायच्या आणि दर पावसाळ्यानंतर खुंटीपासून कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. भिंतीत लोखंडी सळ्या ठोकून त्यांचा किती भाग उघडा पडला तेही मोजतात. किती माती गेली हे काढायचं तर घळीच्या लांबीवर ठिकठिकाणी आडवे छेद मोजावे लागतात. एक उदाहरण घेऊ. घळ ५० मीटर लांब, सरासरी ३ मीटर रुंद, २ मीटर खोल आणि भिंती जवळजवळ उभ्या. आकारमान झालं ३०० घनमीटर, म्हणजे आपल्या ओळखीच्या मापात सुमारे १०६ ब्रास. मातीचं वजन घनमीटरला १.४ टन धरलं तर ४२० टन. भिंती तिरक्या असून तळाशी टोक होत असेल तर याच्या निम्मं. ही साधी आकडेमोड गावकऱ्यांसमोर जमिनीवर रेघा मारून करता येते, आणि आकडा ऐकल्यावर कामाचा उत्साह बदलतो.

खुंटी आजपासून पुढचं सांगते. मागचं कसं कळणार? त्यासाठी जुनी छायाचित्रं. विमानातून काढलेल्या फोटोंच्या जोड्या खास उपकरणाखाली पाहिल्या की जमिनीची उंच-सखल रचना दिसते. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेर उपग्रहांनी १९६० पासून १९७२ पर्यंत काढलेले फोटो १९९५ साली सगळ्यांसाठी खुले झाले आणि घळींच्या अभ्यासकांना अचानक साठच्या दशकातली जमीन बघायला मिळाली. भारताचा कार्टोसॅट-१ २००५ साली गेला, २.५ मीटर बारकाव्याच्या त्याच्या जोडचित्रांवरून मोठ्या घळींचे उंचीचे नकाशे करता येतात. पण दीड मीटर रुंदीची कोवळी घळ, जिच्यावर खरा इलाज शक्य असतो, ती अशा चित्रात हरवते. दाट सावली आणि वेडी बाभूळ हे आणखी दोन अडथळे.

ती उणीव ड्रोननं भरून काढली. ड्रोन एकाच जागेचे एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो घेतो, संगणक त्यांतले समान बिंदू जुळवून जमिनीचा त्रिमिती नमुना तयार करतो. जमिनीवर आधी खुणांचे तक्ते ठेवून त्यांची जागा उपग्रह-यंत्रानं अचूक घेतलेली असेल तर नमुना काही सेंटिमीटरपर्यंत बिनचूक येतो. पावसाळ्याआधी एक, नंतर एक, असे दोन नमुने घेऊन वजाबाकी केली की कुठं माती गेली आणि कुठं साचली हे रंगांत दिसतं. इथं एक शिस्त पाळावी लागते. नमुन्यातच पाच सेंटिमीटरची चूक असू शकत असेल तर तीन सेंटिमीटरचा फरक बदल म्हणून मोजायचा नाही. शिवाय ड्रोन वरून बघतो; छज्जाखालचं पोखरलेलं त्याला दिसत नाही. तिथं माणसाला घळीत उतरून, तेही कोरड्या दिवसांत आणि कडेचा अंदाज घेऊन, आतून फोटो किंवा लेझरनं मोजमाप घ्यावं लागतं.

मला स्वतःला सर्वांत भावलेली पद्धत अणुचाचण्यांच्या राखेची आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अणुबाँब फोडले, त्यातून सीझियम-१३७ नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य जगभर पावसाबरोबर उतरलं. त्याचा कळस साधारण १९६३ साली होता. हे सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरतं आणि वरच्या थरातच राहतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचं, म्हणून ते आजही मोजता येतं. आता धरणातला गाळ तपासा. त्यात सीझियम भरपूर सापडलं तर तो शेतांच्या वरच्या थरातून आला. जवळजवळ नसेलच, तर तो कधी पाऊस न बघितलेल्या खोल मातीतून, म्हणजे घळींच्या भिंती आणि ओढ्यांच्या काठांतून सुटलेला आहे. ऑस्ट्रेलियात अशा तपासण्यांतून दिसलं की अनेक नद्यांतला गाळ मुख्यतः खालच्या मातीचा आहे. मग तिथं पैसा शेतांच्या सपाट भागाऐवजी घळींवर खर्च करायचं ठरलं. ग्रेट बॅरियर रीफकडे जाणारा गाळ रोखण्यासाठी आज तिथं घळी दुरुस्त केल्या जातात.

यंत्रं नसतील तिथं माणसांची आठवणही मोजमापाचं साधन होते. इथिओपियाच्या तिग्राय भागात यान निसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध शेतकऱ्यांबरोबर घळीच्या काठानं चालत विचारलं: तुमच्या लग्नाच्या वेळी ही कुठवर होती, अमुक दुष्काळात ओलांडता येत होती का? त्या उत्तरांना आजच्या मोजमापांची जोड देऊन त्यांनी घळींचा पन्नासेक वर्षांचा इतिहास उभा केला. याच संशोधकांनी १८६८ सालचे फोटो शोधले. ते फोटो होते रॉबर्ट नेपियरच्या ॲबिसिनिया मोहिमेतले, म्हणजे मुंबईहून निघालेल्या फौजेबरोबरच्या लोकांनी काढलेले. त्याच जागी उभं राहून १४० वर्षांनी पुन्हा फोटो घेतले, तेव्हा लोकसंख्या अनेक पटींनी वाढूनही पुष्कळ ठिकाणी झाडोरा आणि बांधबंदिस्ती पूर्वीपेक्षा बरी निघाली. जमीन फक्त बिघडतच जाते, हा समज त्या फोटोंनी खोडला. आपल्याकडच्या गावांत ऐंशी वर्षांची माणसं आहेत, आणि त्यांना कुठला बांध कोणत्या साली फुटला हे पाठ आहे. ते लिहून घ्यायचं काम कुठल्याही कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला एका उन्हाळी सुट्टीत करता येईल.

कृत्रिम पावसाचे प्रयोगही होतात. पुण्याच्या वीणा जोशी आणि तांबे यांनी प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात वेगवेगळ्या उतारांवर, गवतासह आणि गवताविना, फवाऱ्यानं पाऊस पाडून किती पाणी मुरतं आणि किती माती निघते ते मोजलं. गवताचं आच्छादन माती धरून ठेवतं हे आजोबाही सांगतात, पण आपल्या मातीत आणि आपल्या उतारावर मोजून सांगणं वेगळं.

इतकी मोजमापं असूनही एक मोठी फट राहते. जगभर, आणि आपल्या सरकारी अहवालांतही, धुपीचा आकडा बहुधा एका समीकरणावरून काढतात. विश्मायर आणि स्मिथ यांनी अमेरिकेत ते १९६५ साली मांडलं. ते उभं आहे सुमारे २२ मीटर लांबीच्या, ९ टक्के उताराच्या प्रमाण वाफ्यांवर. एवढ्याशा वाफ्यात सालकाढी धूप आणि ओघळी मावतात, घळ मावत नाही. म्हणून हेक्टरी इतके टन हा आकडा कुठं वाचला, तर त्यात घळी बहुतेक धरलेल्याच नसतात. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा एकूण गाळात घळींचा वाटा जागेप्रमाणे १० टक्क्यांपासून ९४ टक्क्यांपर्यंत निघाला. वाटा इतका बदलता असेल तर तो न मोजता आखलेली योजना अंधारातच चालणार. २०१६ साली नऊशेहून अधिक घळींची मोजमापं एकत्र केली गेली. माथा सरकण्याचा मध्यक वेग वर्षाला सुमारे ०.९ मीटर आला, आणि पावसाच्या तीव्रतेशी त्याचा घट्ट संबंध दिसला. आपल्याकडे थोड्या तासांत कोसळणारा पाऊस वाढतो आहे, हे लक्षात घेतलं तर हा निष्कर्ष काळजी करायला लावणारा आहे.

अलीकडे संगणकाला उतार, माती, झाडोरा यांची माहिती शिकवून घळप्रवण भागांचे नकाशे बनवण्याचं पेव फुटलं आहे. हे नकाशे कुठं धोका आहे ते सांगतात, किती वेगानं ते सांगत नाहीत. शेतात न जाता बनवलेल्या नकाशावर मी तरी विसंबणार नाही.

उपायांबद्दल बोलताना आधी चंबळकडे परत जायला हवं. तिथं १८८०च्या दशकात इटाव्याजवळ बीहडात झाडं लावण्याचे प्रयोग झाले, १९५०च्या दशकात कोटा, आग्रा आणि गुजरातेत वासद इथं मृदसंधारणाची संशोधन केंद्रं निघाली, १९८०च्या दशकात विमानातून वेड्या बाभळीचं बी पेरलं गेलं. त्या बाभळीनं हिरवा रंग दिला, पण तिच्याखाली गवत उगवू दिलं नाही. दुसरीकडे शेतकऱ्यांनी आणि सरकारनं बुलडोझर लावून बीहड सपाट केले. सपाट जमिनीवर मोहरी डोलू लागली की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या पद्मिनी पाणी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र दाखवलं आहे की भर घातलेल्या सैल मातीत घळी पुन्हा पडतात. नदीचा तळ तिथंच खोल आहे, वरून येणारं पाणी तेवढंच आहे. बदलली ती फक्त मातीची घट्टी, आणि तीही कमी झाली.

म्हणून पहिलं काम माथ्याच्या वर. घळीच्या डोक्यावर येणारं पाणी वळण-चर काढून गवताळ, पसरट वाटेनं सुरक्षित ठिकाणी उतरवायचं. वळवणं शक्य नसेल तर माथ्याची उभी पायरी तिरकी करून दगडांचं अस्तर द्यायचं, म्हणजे पाणी कोसळणार नाही, घसरत उतरेल. त्यानंतर घळीत खालून वर अनघड दगडांचे बांध घालायचे. त्यांतलं अंतर ठरवण्याचा नियम सोपा आहे: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. बांध १ मीटर उंच आणि घळीच्या तळाचा उतार ५ टक्के असेल तर अंतर २० मीटर. गाळ भरला की जिन्यासारख्या सपाट पायऱ्या होतात. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवणं, दोन्ही टोकं काठात चांगली हात-दीड हात घुसवणं आणि खाली दगडांची फरसबंदी करणं यांत हयगय झाली की पाणी बांधाला वळसा घालून काठच कापतं. रोजगार हमीच्या कामांत कडेनं वाहून गेलेले असे बांध पुष्कळ दिसतात. मग दोष बांधाच्या कल्पनेला दिला जातो, तो अन्यायाचा आहे. गाळ साचल्यावर त्यात वाळा, घायपात, निर्गुडी, बांबू लावायचा आणि निदान दोन-तीन वर्षं चराई बंद ठेवायची.

महाराष्ट्रात आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गेल्या काही वर्षांत पाणी साठवण्यासाठी नाले रुंद आणि खोल करण्याची कामं गावोगाव झाली. नाला दोन मीटर खोल केला की त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीचा पायथा दोन मीटर खाली जातो. त्या पायरीवरून पाणी कोसळू लागतं, माथा तयार होतो आणि तो शेतांकडे सरकायला लागतो. खोलीकरण करायचंच असेल तर प्रत्येक ओघळीच्या तोंडाशी दगडी उतरण बांधणं हा त्या कामाचाच भाग मानायला हवा. शिवाय खोल घळ आजूबाजूच्या जमिनीतलं मुरलेलं पाणी निचरून नेते. तिच्या कडेच्या विहिरीचं पाणी लवकर तळ गाठतं.

घळीचं दुर्दैव असं की ती पंचनाम्यात बसत नाही. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी एका रात्रीत जमिनी खरडून नेल्या, त्याची दखल घेतली गेली, मदत जाहीर झाली, आणि ते योग्यच होतं. वर्षाला एक मीटर सरकणाऱ्या माथ्यासाठी तलाठी येत नाही. त्याची नोंद ज्याच्या त्याला ठेवावी लागते.

ती ठेवणं अवघड नाही. मे महिन्यात माथ्याच्या वर पाच आणि दहा मीटरवर सिमेंटचे छोटे खांब पुरा, बांबू नको, तो कुजतो किंवा कुणी उपटतो. खांबापासून कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजून वहीत लिहा आणि एका ठरलेल्या दगडावर उभं राहून मोबाइलनं फोटो काढा. जोराच्या पावसात लांबून बघा, पाणी माथ्यावर कुठून येतं: मोरीतून, पाणंदीतून की शेजारच्या फुटक्या बांधातून. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं काढून मागची दहा-पंधरा वर्षं पडताळा. दिवाळीनंतर पुन्हा मोजा. खांबापासूनचं अंतर दोन पावसाळ्यांत जवळपास तेवढंच राहिलं तर घळीच्या पोटातले बांध घालायला घ्या. ते घटलं असेल तर आधी शेजाऱ्यांशी बसून वरचं पाणी कुठं वळवायचं ते ठरवावं लागेल.